गळ्यातला रुपया आणि जुनी मॅक्रो लेन्स

राणी व्हिक्टोरियाच्या ज्या चांदीच्या रुपयावर १८६२ हा सन आहे तो त्याच साली पाडलेला असेल असे नाही. टाकसाळींनी तो सन १८७४ पर्यंत तसाच ठेवला. मुंबईच्या टाकसाळीतल्या या रुपयांच्या मागच्या बाजूला, सनाजवळ आणि वरच्या नक्षीत, बारीक ठिपके असतात. त्यांची संख्या आणि जागा यांवरून नाणे नेमक्या कोणत्या वर्षी पाडले ते सांगता येते, असा अर्थ नाणेशास्त्रज्ञ प्रिडमोर आणि त्यांच्यामागून आलेल्या अभ्यासकांनी लावला आहे. ठिपका अर्ध्या मिलिमीटरचाही नसतो. गडचिरोलीतल्या भामरागड, एटापल्ली, अहेरी, सिरोंचा या पट्ट्यात असे रुपये पेटीत राहिले नाहीत, ते गोंड आणि माडिया बायकांच्या गळ्यात राहिले. मण्यांच्या सरांबरोबर माळेत ओवलेले, कडी डाखलेले, घामाने आणि कापडाने झिजलेले. त्यांची नोंद कोणत्याही संग्रहालयाच्या वहीत नाही आणि ती नाणी तिथे आणून जमा करावीत असे म्हणण्याचा अधिकारही कोणाला नाही. मग ती वाचायची कशी? जागेवर, मालकिणीच्या हातात असताना घेतलेला चांगला फोटो एवढाच मार्ग उरतो. असा फोटो कशाने घ्यावा याबद्दल संग्राहक, छायाचित्रकार आणि पुरातत्त्वाचे विद्यार्थी यांच्यात मतांचा गोंधळ आहे. तो सारा तपासून पाहिला तर माझ्या मते निष्कर्ष असा निघतो: साठ ते ऐंशीच्या दशकातली, हाताने फोकस करायची जुनी मॅक्रो लेन्स या कामाला पुरते, आणि या मुलखाच्या अटी पाहता बऱ्याच बाबतीत नव्या साधनांपेक्षा सरस ठरते. फोटो फसतात ते लेन्समुळे क्वचित. ते फसतात उजेडामुळे, नाणे तिरके राहिल्यामुळे आणि सोबतची नोंद न ठेवल्यामुळे.

आधी नाणी कोणती ते पाहू. ब्रिटिश अमलातला रुपया ११.६६ ग्रॅमचा, साडेतीस मिलिमीटरच्या आसपास व्यासाचा आणि शेकडा ९१.७ चांदीचा. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली आणि खोट्या नाण्यांच्या भीतीने कडेची घडणही बदलली. १९४७ चा रुपया तर निकेलचाच. म्हणजे माळेतले नाणे दिसायला सारखे असले तरी त्याची कड पाहिल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही. पंचम जॉर्जच्या रुपयावर मुंबईची टाकसाळ ओळखायची खूण म्हणजे मागच्या बाजूच्या खालच्या फुलाखालचा एक ठिपका. कलकत्त्याच्या नाण्यावर तो नसतो. १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरच्या साखळीतला हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, बहुतेक नाणी परत वितळवली गेली आणि पुढच्या वर्षी हत्तीची सोंड व पाय सुधारून घेतले. ते चित्र काही मिलिमीटरांचे, आणि नेमके राजाच्या खांद्याच्या उंच भागावर, म्हणजे सगळ्यात आधी झिजणाऱ्या जागी. चवल्या, पावल्या, अधेल्याही माळेत असतात. १९४३ ते १९४७ मधला भोकाचा पैसा तर ओवण्यासाठीच पाडल्यासारखा. सिरोंच्याकडे प्राणहिता आणि गोदावरीच्या पलीकडे निजामाचे राज्य होते, त्यामुळे चारमिनारची छाप असलेला हाली सिक्का तिथे आढळला तर नवल नाही. आढळला तर तो नदीवरच्या व्यापाराचा पुरावा ठरेल. नाण्यांच्या बाजारात अशा कडी लावलेल्या किंवा भोक पाडलेल्या नाण्याला किंमत नाही. व्यापारी त्याला खराब माल म्हणतो. इतिहासाच्या दृष्टीने हा हिशेब उलटा आहे. तिजोरीत जपलेला कोरा रुपया टाकसाळीविषयी सांगतो. डाखलेला रुपया पैसा जंगलात कधी आला, किती काळ चलनात फिरला आणि कधी दागिना झाला हे सांगतो. सन कोणता, झीज कोणत्या बाजूला, डाख कुठे, ही तीन उत्तरे एकत्र वाचली तरच. फोटोला या तिन्हींची उत्तरे देता आली पाहिजेत, केवळ राजाचा चेहरा देखणा आला म्हणून चालत नाही.

नाण्याचे चित्र हा प्रश्न या मुलखाला नवा नाही. हा मुलूख ज्यात होता त्या जुन्या चांदा जिल्ह्यात सापडलेली सातवाहनांची पोटीन या मिश्रधातूची नाणी, एका बाजूला सोंड उंचावलेला हत्ती आणि दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह असलेली, रॅप्सनच्या १९०८ च्या ब्रिटिश म्युझियम सूचीत आली आहेत. त्या काळच्या सूच्यांमधली चित्रपत्रे नाण्यांवरून थेट घेतलेली नसत. नाण्याचा प्लास्टरचा ठसा काढत आणि त्या ठशाचा फोटो घेत. त्यात शहाणपण होते. प्लास्टर चमकत नाही, काळे पडत नाही, सगळी नाणी एकाच रंगाची होतात आणि डोळा फक्त उठाव वाचतो. पण ठशात धातू हरवतो. गंज, डाख, घासल्याच्या रेघा, तांब्यावर चांदीचा मुलामा आहे की काय, यातले काहीच उतरत नाही. त्याच सुमारास, १९०६ मध्ये, नाशिकजवळच्या जोगळटेंभीला तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. क्षत्रप नहपानाची, आणि त्यांतल्या नऊ हजारांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली छाप पुन्हा मारलेली. रेव्हरंड स्कॉट यांनी ती अभ्यासली. एकेका नाण्यावर कडेच्या लेखाचा तुकडाच उतरलेला, म्हणून पुष्कळ नाण्यांवरचे तुकडे शेजारी ठेवूनच पूर्ण लेख जुळवता येतो. १९३९ मध्ये वऱ्हाडात तऱ्हाळ्याला सापडलेल्या पोटीन नाण्यांच्या मोठ्या साठ्याचेही असेच. वा. वि. मिराशी यांनी त्यांवरून कुंभ, कर्ण आणि शक सातकर्णी अशी, पुराणांच्या याद्यांत न सापडणारी राजांची नावे वाचली. या दोन्ही उदाहरणांतून फोटो घेणाऱ्याने उचलण्याची गोष्ट अशी की नाण्याचा अभ्यास एका सुंदर चित्रावर चालत नाही, एकाच मापाच्या अनेक चित्रांवर चालतो. जी पद्धत शंभर नाणी एकाच प्रमाणात, एकाच उजेडात देईल ती उपयोगी. जी एकच अप्रतिम देईल ती दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाला.

इथे जुन्या मॅक्रो लेन्सचा जन्म कशासाठी झाला ते महत्त्वाचे ठरते. १९५५ मध्ये किलफिट कंपनीची ४० मिलिमीटरची माक्रो-किलार आली. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यासाठी सलग अगदी जवळपर्यंत फोकस होणारी ती पहिली लेन्स समजली जाते. पुढच्याच वर्षी निकॉनने ५ सेंटिमीटरची मायक्रो-निक्कॉर काढली. तिच्यामागचे कारण जपानी लिपीचे होते. युरोपी अक्षरांसाठी पुरेशा ठरणाऱ्या मायक्रोफिल्मच्या लेन्सवर कांजी अक्षरांतल्या दाट रेघा एकमेकींत मिसळत, त्या सुट्या दिसाव्यात म्हणून ही लेन्स घडवली. म्हणजे तिचे मूळ काम फुले आणि फुलपाखरे टिपण्याचे नव्हतेच, सपाट कागदावरचा बारीक मजकूर कडेपर्यंत सारखा उतरवण्याचे होते. नाणे म्हणजे तरी दुसरे काय? साध्या लेन्सचे चित्रक्षेत्र जवळून वक्र होते, मधले स्पष्ट आणि कडेचे पुसट. फुलाला ते चालते, किंबहुना शोभते. नाण्याचा लेख मात्र कडेलाच असतो. क्षत्रपांचा ब्राह्मी लेख, शिवराईवरच्या ओळींभोवतालची मण्यांची कड, रुपयावरचा सन, टाकसाळीचा ठिपका, सारे परिघाजवळ. या एका कारणासाठी पन्नास वर्षांपूर्वीची मॅक्रो लेन्स आजच्या महागड्या पण सर्वसाधारण लेन्सपेक्षा नाण्याला जास्त योग्य. पुढे निकॉनची ५५ मिलिमीटर एफ/३.५ आणि १९८० च्या सुमाराची एफ/२.८, पेंटॅक्सवाल्या असाहीची ५० मिलिमीटर एफ/४ माक्रो-टाकुमार, १९७५ ची निकॉन १०५ मिलिमीटर एफ/४, १९७९ ची टॅमरॉन ९० मिलिमीटर एफ/२.५ अशी मालिकाच तयार झाली. यांतल्या बहुतेक निम्म्या आकारापर्यंत जातात, म्हणजे वस्तूच्या निम्मे चित्र सेन्सरवर पडते. पुढे जायचे तर मध्ये नळी जोडावी लागते. आरशाविना असलेल्या आजच्या कॅमेऱ्यांत लेन्सचे बूड आणि सेन्सर यांतले अंतर इतके कमी आहे की साध्या धातूच्या कड्याने यातली कोणतीही लेन्स कोणत्याही कंपनीच्या कॅमेऱ्यावर बसते.

निम्मा आकार म्हणजे अपुरा, ही या लेन्सवरची नेहमीची तक्रार. ती कागदावर हिशेब मांडला की विरते. एपीएस-सी सेन्सरची उंची साधारण १५.६ मिलिमीटर. निम्म्या आकारात त्यावर ३१.२ मिलिमीटरचा प्रदेश मावतो आणि रुपया साडेतीसचा. जणू बेतून शिवल्यासारखा. चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात उभ्या बाजूला चार हजार पिक्सेल, म्हणजे नाण्याच्या दर मिलिमीटरला १२८. ठिपका तीन दशांश मिलिमीटरचा धरला तरी त्याच्या वाट्याला अडतीस पिक्सेल येतात. लेन्सच्या आणि प्रकाशाच्या मर्यादा वजा केल्या तरी ठिपका आहे की नाही याचे उत्तर देण्यासाठी हे भरपूर आहे. पंधरा-सोळा मिलिमीटरच्या पोटीन नाण्याला किंवा नहपानाच्या चांदीच्या नाण्याला मात्र नळी हवीच. बारीक अ‍ॅपर्चरचा मोह इथे नडतो. जवळून फोटो घेताना प्रत्यक्षातले अ‍ॅपर्चर लेन्सवर लिहिल्यापेक्षा बारीक होते: निम्म्या आकारात एफ/८ चे एफ/१२ आणि पूर्ण आकारात एफ/१६ चे चक्क एफ/३२. मग प्रकाशाच्या विवर्तनाने सगळेच मऊ पडते आणि लोक जुन्या लेन्सला दोष देतात. एफ/८ वर निम्म्या आकारात स्पष्टतेची खोली दोन मिलिमीटरच्या आतबाहेर असते. रुपयाचा उठाव त्याहून पुष्कळ कमी. पण नाणे तिरके असेल तर? दहा अंशांचा कल असला की तीस मिलिमीटरच्या नाण्याच्या दोन कडांत पाच मिलिमीटरचा फरक पडतो आणि कोणतीही लेन्स, जुनी वा नवी, तो भरून काढू शकत नाही. डाखलेले नाणे तर सपाट बसतच नाही; पाठीमागचा डाख एक बाजू उचलून धरतो. वाटीत मोहरी किंवा तांदूळ भरून त्यावर नाणे टेकवले आणि बोटाने समपातळीत आणले की हा प्रश्न सुटतो. कॅमेरा समांतर आहे का हे पाहायला नाण्याच्या जागी छोटा आरसा ठेवायचा. लेन्सचे स्वतःचे प्रतिबिंब चित्राच्या बरोबर मधोमध दिसले की झाले. या दोन युक्त्यांनी जेवढा फरक पडतो तेवढा लेन्स बदलून पडत नाही.

जुन्या लेन्सचा आणखी एक गुण आहे आणि त्याची चर्चा जवळजवळ होत नाही. तिच्या नळीवर प्रमाण कोरलेले असते: १:२, १:३, १:४. फोकसचे कडे १:२ वर नेऊन ठेवायचे, मग ते हलवायचे नाही. कॅमेराच वरखाली करून नाणे स्पष्ट करायचे. असे घेतलेले प्रत्येक चित्र एकाच मापाचे निघते. पुढच्या वर्षी दुसऱ्या माणसाने, दुसऱ्या गावी, तशीच लेन्स आणि त्याच मापाचा सेन्सर घेऊन काम केले तरी माप तेच राहते. जोगळटेंभीसारखी तुलना करायची तर हीच गोष्ट हवी. बाजूला मिलिमीटरची पट्टी ठेवावीच, आणि ती नाण्याच्या माथ्याच्या उंचीवर; पण प्रमाण यंत्रात बसवलेले असणे हे वेगळेच सुख आहे. उलट बाजूने सांगायचे तर जुनी लेन्स कॅमेऱ्याशी बोलत नाही, त्यामुळे कोणत्या अ‍ॅपर्चरवर फोटो घेतला ते चित्राबरोबर नोंदले जात नाही. ते वहीत लिहावे लागते. नाण्याचे वजन, डाखासकट आहे हे स्पष्ट करून, आणि दोन बाजूंच्या छापा एकमेकींशी कशा फिरलेल्या आहेत तेही त्याच वहीत लिहायचे असते, म्हणून मला ही उणीव मोठी वाटत नाही. ज्यांना मॅक्रो लेन्स मिळतच नाही त्यांनी बंद पडलेल्या फोटो स्टुडिओंकडे पाहावे. डार्करूममधल्या एन्लार्जरची लेन्स हीदेखील सपाट निगेटिव्हवरून सपाट कागदावर चित्र पाडण्यासाठी घडवलेली असते. बेलोज किंवा नळ्यांवर बसवली तर ती नाण्यांना उत्तम चालते, आणि जवळजवळ भंगाराच्या भावात मिळते.

खरा प्रश्न उजेडाचा. नाण्याचे चित्र म्हणजे त्याच्या सावल्यांचे चित्र. उजेड वरून, डाव्या अंगाने यावा असा नाणेशास्त्रातला जुना संकेत आहे आणि तो केवळ रूढी म्हणून नाही: उजेड खालून आला तर डोळा फसतो, उंच ते खोल आणि खोल ते उंच दिसू लागते. एकच दिवा फार कलता ठेवला तर झिजलेली अक्षरे उठून येतात, पण राजाच्या नाकाची सावली गालभर पसरते आणि तिच्याखाली काय आहे ते कळत नाही. फार उभा ठेवला तर चांदी पांढरी भगभगीत होते. ठिपक्यासारखी खूण एका दिशेच्या उजेडात दिसते आणि दुसऱ्या दिशेच्या उजेडात नाहीशी होते, हे ध्यानात घेतले तर एका नाण्याच्या एका बाजूचा एक फोटो ही कल्पनाच सोडून द्यावी लागते. किमान तीन हवेत: एक पसरट उजेडात, धातूचा रंग आणि डाख दाखवणारा; एक वरच्या डाव्या अंगाने कलत्या उजेडात; आणि एक नव्वद अंश फिरवलेल्या कलत्या उजेडात. कोऱ्या, चकचकीत नाण्यांसाठी लेन्सखाली पंचेचाळीस अंशांत काच धरून सरळ वरून उजेड पाडण्याची पद्धत आहे. साध्या काचेवरून दहाव्या हिश्श्याच्या आसपासच प्रकाश खाली वळतो, तेव्हा वेळ वाढवावा लागतो; नाणे हलत नाही म्हणून ते जमते. झिजलेल्या माळेतल्या नाण्यांना मात्र या पद्धतीचा फारसा उपयोग नाही, तिथे कलता उजेडच राजा. माडिया घरात खिडकी क्वचित आणि दार एक, ही गोष्ट छायाचित्रकाराला अडचणीची वाटते. वास्तविक एकाच दारातून आत येणारा आडवा उजेड नाणे वाचायला फार चांगला. दारापासून दोन हातांवर नाणे ठेवून समोरच्या बाजूला पांढरा कागद धरला की दिव्यांचा संच घरी विसरला तरी चालतो. संध्याकाळी एलईडीचा छोटा दिवा, त्यावर बटर पेपर आणि पॉवर बँक. वीज असो नसो. फोटोआधी नाणी स्वच्छ करण्याचा विचार मात्र मनातही आणू नये. पाहुण्यांसाठी घरचे लोक आदराने चिंच लावून घासू लागले तर त्यांना नम्रपणे थांबवावे. खोलगट भागात बसलेला काळेपणा हाच झिजलेल्या अक्षरांचा शेवटचा आधार असतो.

आता आक्षेप. सगळ्यात जोरदार आक्षेप असा की हे सारे कशाला, मोबाइल आहेच. भामरागडच्या बाजारातही मोबाइल आहे आणि त्यात मॅक्रो आहे. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण काहीच नसण्यापेक्षा मोबाइलचा फोटो कितीतरी बरा, आणि पहिली पाहणी त्यावरच करावी. पण बहुतेक मोबाइल जवळचा फोटो रुंद कोनाच्या लेन्सने घेतात आणि त्यासाठी नाण्यापासून काही सेंटिमीटरवर यावे लागते. मग फोनची सावली नाण्यावर पडते, कलता उजेड आत शिरत नाही आणि परिघाचे माप मध्यभागाशी जुळत नाही. त्याहून गंभीर अडचण पुढची आहे. मोबाइल चित्र घेत नाही, ते रचतो. अनेक झटपट चित्रे मिसळून, डाग पुसून, कडा धारदार करून तो जे देतो ते पाहायला छान असते. पण आपल्याला जो ठिपका हवा आहे तोच डाग समजून त्याने पुसला, किंवा गंजाच्या पुटकुळीला कड देऊन ठिपका बनवला, तर ते ओळखायचे कशावरून? पुरावा म्हणून चित्र वापरायचे असेल तर कच्ची, न सजवलेली फाइल हवी. काही मोबाइल ती देतातही. तरी उजेडाचा आणि प्रमाणाचा प्रश्न उरतोच.

दुसरा पर्याय सांगितला जातो स्कॅनरचा. सपाट स्कॅनर प्रमाण अचूक देतो हे खरे, पण त्याचा दिवा ठरलेल्या दिशेनेच येतो, स्वस्त स्कॅनरांत काचेपासून किंचित वर उचललेले सगळे धूसर होते, आणि डाखलेले नाणे उचललेलेच असते. तिसरा पर्याय खरोखर प्रगत आहे. २००१ मध्ये एचपीच्या प्रयोगशाळेतल्या टॉम मॅल्झबेंडर यांनी मांडलेल्या तंत्रावरून जी पद्धत वाढली, तीत नाणे आणि कॅमेरा स्थिर ठेवून दिवा चहूबाजूंनी फिरवत अनेक चित्रे घेतात आणि मग संगणकावर हवा तसा उजेड पाडून पाहता येतो. एकाच नाण्यावर दोनदा मारलेल्या छापा, पुसट झालेले सन, यांना याहून चांगले साधन नाही. पण हा पर्याय जुन्या लेन्सच्या विरोधात जात नाही, तिच्या बाजूनेच येतो: चित्रांच्या या मालिकेत फोकस केसभरही हलता कामा नये, आणि हाताने फिरवायचे जड कडे आपोआप सरकत नाही. नव्या मॅक्रो लेन्सबद्दल बोलायचे तर त्या रंगांच्या कडा जुन्यांपेक्षा चांगल्या आवरतात, त्यांच्यावरचे लेपन उजळ दिव्याची चमक अधिक चांगली रोखते आणि त्या स्वतः पूर्ण आकारापर्यंत जातात. ज्याला परवडते त्याने जरूर घ्यावी. पण धातूचे स्थिर नाणे, हाताशी वेळ आणि एफ/८ अशी अट असेल तेव्हा त्या फरकातला फारच थोडा चित्रात उतरतो.

जुन्या लेन्सविरुद्धचा मला खरा वाटणारा आक्षेप हवामानाचा आहे. पामुलगौतम, पर्लकोटा आणि इंद्रावती यांच्या संगमावरचे भामरागड पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने पुन्हा पुन्हा तुटते. हवेत ओल महिनोन्महिने राहते. अशा हवेत लेन्सच्या आत बुरशी धरते. ती काचेवर जाळे विणते, लेपन खाते, आणि जुन्या लेन्समध्ये ती आधीच निजलेली असण्याची शक्यता मोठी. बुरशीने बारकावे लगेच जात नाहीत, आधी चित्रावर धुके चढते. काळोख्या पार्श्वभूमीवर चमकणाऱ्या चांदीला हे धुके सर्वांत जास्त जाणवते. म्हणून लेन्स घेताना मागून टॉर्चचा झोत टाकून आतून पाहणे, अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल नाही ना ते तपासणे आवश्यक. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ती ठेवावी आणि जेल वेळोवेळी तापवून सुकवावे. नाण्यांचे काम दिवाळीनंतर काढून होळीच्या आत संपवावे. रस्तेही तेव्हाच चालू असतात. हाच धोका नव्या लेन्सलाही आहे, आणि नव्यातल्या इलेक्ट्रॉनिक भागांना ओल अधिक महाग पडते. जुनी लेन्स खोलून पुसणारे कारागीर मोठ्या शहरांत अजून आहेत, आणि नाहीच जमले तर त्या भावात दुसरी मिळते.

लेन्सची लांबी ठरवताना मात्र तांत्रिक हिशेब सोडून माणसांचा विचार करावा लागतो. ५५ मिलिमीटर एफ/२.८ लेन्सचा निम्म्या आकारातला फोकस सेन्सरपासून २५ सेंटिमीटरवर असतो, त्यातला बराचसा भाग लेन्सच्याच नळीने खाल्लेला. १०५ मिलिमीटर एफ/४ ला हेच अंतर ४७ सेंटिमीटर. टेबलावर दोन्ही सारख्याच. पण माळ एखाद्या बाईने गळ्यातून काढायची नाही असे ठरवले, तर ५५ घेऊन तिच्या छातीशी कॅमेरा खुपसणे अभद्र आहे. आणि श्वासाबरोबर हलणाऱ्या नाण्याचा फोटो तसाही नीट येत नाही. माळ काढायची की नाही हे तिने ठरवावे. काढली तर ती तिच्याच अंगणात, तिच्या नजरेसमोर, तिच्याच हाताने मोहरीच्या वाटीत ठेवली जावी. १०५ किंवा ९० हे या मुलखासाठी माझे मत, ते मुख्यतः यासाठी.

यापुढचा आक्षेप अधिक अवघड आहे: फोटो घ्यावेतच का? जिथे जुन्या नाण्याचा फोटो बाहेर जातो तिथे मागोमाग विकत घेणारा येतो, आणि दागिना चांदीच्या भावाने तोलला जातो. शिवाय या भागात गावोगाव कॅमेरा घेऊन फिरणाऱ्याकडे संशयाने पाहिले जाण्याला कारणे आहेत. कायद्याची बाजूही पक्की माहीत असावी लागते. १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत पुरलेला, दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडला तर त्याची खबर जिल्हाधिकाऱ्याला देणे बंधनकारक आहे. नांगराला लागलेले मडके आणि आजीकडून आलेली माळ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि फोटो घेणाऱ्याने त्यांची सरमिसळ करू नये. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावशेष ठरते आणि ते खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. त्या हिशेबाने सातव्या एडवर्डचे सगळे आणि पंचम जॉर्जचे सुरुवातीचे रुपये आज त्यात आले. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९७ पासून सामान्य लोकांना सापडलेल्या वस्तूंची नोंद आणि फोटो घेऊन वस्तू त्यांच्याकडेच ठेवण्याची योजना चालू आहे, आणि तिच्यात सापडण्याची नेमकी जागा सर्वांना उघड केली जात नाही. आपल्याकडे तशीच्या तशी योजना उचलून आणण्यात अर्थ नाही, कारण तिथला प्रश्न शेतात सापडणाऱ्या वस्तूंचा आहे आणि इथला घरात जपलेल्या दागिन्यांचा. पण एक नियम घेण्यासारखा आहे: चित्र उघडे, ठिकाण मोघम. नाव नाही, चेहरा नाही, फार तर तालुका. असे केले तर फोटोने दागिन्याचा धोका वाढत नाही; उलट माळ उद्या मोडीत गेलीच तर निदान तिच्यातले सन आणि ठिपके उरतात. मोडीत जाण्याचा वेग कॅमेऱ्याची वाट पाहत थांबलेला नाही, आणि फोटो घेऊच नयेत या मताला माझे मुख्य उत्तर हेच.

राहता राहिला ही चित्रे ठेवायची कुठे हा प्रश्न. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ पासूनचे आहे आणि नाणी वाचू शकणारी माणसे तयार करणारी अंजनेरीची नाणेशास्त्र संशोधन संस्था १९८० पासूनची. पण दोन्ही वस्तू आणि विद्वत्ता यांच्या संस्था आहेत, गावातल्या माळांच्या नव्हेत. गडचिरोलीत २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ झाले. एक कॅमेरा, एक जुनी १०५ मिलिमीटर लेन्स, वजनकाटा आणि वही एवढ्या सामग्रीवर तिथल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांना हे काम करता येईल. माडिया आणि गोंडी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांनी ते केले तर माळ कोणाकडून आली, डाख कोणत्या बाजारातल्या सोनाराने लावला, ही माहिती चित्राइतकीच भरवशाची मिळेल. कच्च्या फाइली विद्यापीठात, प्रत नागपुरात, आणि प्रत्येक नाण्याचा चौपट आकाराचा छापील फोटो त्या घरात राहावा. फाइलीच्या नावात तालुका, माळेचा क्रमांक, माळेतले नाण्याचे स्थान, बाजू आणि उजेडाची दिशा असावी. यातले माळेतले स्थान बहुतेक जण विसरतात आणि तेच नंतर कशानेही परत मिळत नाही, कारण एकदा दोरा बदलला की नाण्यांचा क्रमही बदलतो.